लिंबाचं आंबटपण मोजताना, मोठीमायला

प्रिय मोठीमाय,

जयभीम.

आज कमलकाकूने पहिल्यांदा एकटीने लिंबाच्या रसाची आम्लता मोजली, आणि तिच्या शब्दावर आपल्या बचतगटाने सरबताच्या बाटल्या भरल्या. हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना. तू गेल्यापासून लिहायचं कितीदा ठरवलं, पण आधी माफी मागावी लागणार होती. तिथेच अडत होते.

धामणगाव बढ्याचं आपलं सरबत तुझ्या जिभेवर चालायचं. रस किती, साखर किती, हे तू बोट बुडवून सांगायचीस. मग मोताळ्याच्या दुकानदाराने बाटल्या परत पाठवल्या. सरबत फसफसलं होतं, दोन-तीन बाटल्यांची बुचं उडाली होती. मी नुकतीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली. एक बाटली तपासली, तर आम्ल फार कमी. आम्ल कमी पडलं की टिकवायची पावडरही नीट काम करत नाही, हे मी तुला सगळ्या बायांसमोर समजावलं. वर म्हणाले, "मोठीमाय, तुझा अंदाज गेला आता."

तू चाळणी धुवायला घेतलीस. "हाव बाई, माहंच चुकलं असन," एवढंच म्हणालीस.

का बोललीस नाही गं तेव्हा?

पंधरा दिवसांनी तूच माझ्या दारात आलीस, पिशवीत लिंबं घेऊन. "तुह्या नळीनं कसं मोजतात, मले दाखव." मी रस गाळला, मोजून चंचुपात्रात घेतला, पाणी घातलं, रंग दाखवणाऱ्या निर्देशकाचे दोन थेंब टाकले. अल्कली भरलेल्या ब्युरेटची, म्हणजे त्या मोजनळीची, तोटी तुझ्या हातात दिली. "रंग आला का थांबायचं?" तू विचारलंस. मी म्हणाले, "नुसता आला म्हणून नाही. हलवल्यावर जातो. फिकट गुलाबी टिकला की थांबायचं."

पहिल्या वेळी तोटी जास्त सुटली आणि सगळं गडद गुलाबी झालं. तू पुन्हा केलंस. तिसऱ्या वेळी एकेक थेंब सोडत थांबलीस, ते अगदी बरोबर. मी आकडा वाचला, गणित मांडून दाखवलं.

"हे बरं हाये," तू म्हणालीस. "याले जीभ लागत नाही."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतेस.

तू आम्हाला सोडून गेल्यावर मोठेबाबा सांगत होते, "वरीसभर तिले चवच लागत नव्हती. गोळ्यायनं गेली असन. भाजीतलं मीठ मीच पाह्यत होतो. सांगतलं तर गट मोडीन, म्हने." जे तुला जमत नव्हतं, त्यावरूनच मी तुला बोलले होते. आणि तू मात्र रुसली नव्हतीस. उपाय शोधत माझ्याकडे आली होतीस.

पण एक तक्रार माझीही आहे. आम्ही काय इतक्या परक्या होतो? एक शब्द टाकला असतास, तर गट मोडला नसता. कमलकाकूही हेच म्हणते: "मले सांगती तर म्या चाखलं नसतं काय?"

तू गेल्यावर बायांनीच मला मोजणं शिकवायला बोलावलं. चौथीपर्यंत शिकलेली कमलकाकू आता वहीत आकडे मांडते, शंका आली तर पुन्हा मोजते. मोताळ्याचा तो दुकानदार पुन्हा आपला माल घेऊ लागला आहे. पुढच्या महिन्यात संग्रामपूरकडच्या बाया संत्र्याच्या रसासाठी हे शिकायला येणार आहेत. शिकवणार कमलकाकू. मी नुसती बाजूला बसणार.

तुला एक शब्द देते, मोठीमाय. यापुढे कोणाचा हात चुकताना दिसला, तर चूक मोजण्याआधी जवळ बसून विचारीन, "तुले बरं वाटते ना?"

तुझी,
सुजाता