बंद कोठीतली हवा

मंगळवार, ता. ९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णा जिवंत आहेत. हे आधी लिहितो, मग बाकीचं. तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा धावत निघू नकोस.

बियाण्यासाठी केलेली नवी पत्र्याची कोठी तुला ठाऊक आहे. अण्णांनी झाकणाला रबर लावून घेतलं होतं, मुंगीलाही वाट मिळू नये म्हणून. यंदा मळणी घाईत झाली आणि धान्य दमट राहिलं. अण्णा म्हणाले, झाकण घट्ट असलं की काही होत नाही. काल सकाळी उघडलं तर आंबूस वास आला. दाणे तापलेत का ते बघायला अण्णा आत उतरले. कोठी अर्धीच भरलेली. मी वरून बोलत होतो. त्यांनी वर पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि दाण्यांवर कोसळले. ना हाक, ना धडपड.

मी कोठीच्या तोंडातून एक पाय आत टाकला, तर बायकोने, चिमणीने, दुसऱ्या पायाला मिठी मारली. तिला लाथ मारली गं मी, तरी सोडेना. ओरडत होती, की ते आवाज न करता पडलेत, आत उतरू नका, बाजूचा पत्रा फोडा. शेवटी पोती उचलायला आलेल्या हमालांनी घणाने पत्रा फोडून अण्णांना ओढून काढलं. दवाखान्यात आहेत, अजून शुद्ध नाही.

आई सुनेशी बोलत नाही. बापाला वाचवणाऱ्या मुलाला हिने अडवलं, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. खरं सांगू? मलाही बायकोकडे बघवत नाही. फवारणीवाल्याने आत काही औषध टाकलं असेल तर त्याची गय करणार नाही. तू नोकरीत रोज बियाणं तपासतेस. आत काय होतं ते सांग. मूठभर दाणे सोबत पाठवतो आहे.

तुझी माया अशीच असू दे.
तुझा,
ठोंब्या

---

शुक्रवार, ता. १२

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून भीती वाटली. अण्णांसाठी नाही रे, तुझ्यासाठी.

फवारणीवाल्याच्या वाटेला जाऊ नकोस. आत कुणी काही टाकलं नव्हतं. दाणा जिवंत असतो, आपल्यासारखाच श्वास घेतो. कोरडा असला की इतका सावकाश, की आपल्याला पत्ताच लागत नाही. ओल लागली की त्याचा श्वास वाढतो. त्या श्वासातून ऊब निघते, पाणी निघतं, त्याने ओल आणखी वाढते, वर बुरशी धरते आणि तीही श्वास घेते. तुम्ही वरून रबर लावलेलं! आतला प्राणवायू दाण्यांनीच संपवला आणि राहिला तो त्यांनी सोडलेला वायू. त्यात माणूस दोन श्वासांत आडवा होतो.

तू उतरला असतास तर अण्णांच्या अंगावर पडला असतास. मग हमाल उतरले असते, तेही पडले असते. आमच्याकडे अशी एक बातमी आली होती. बापामागे मुलगा, मुलामागे चुलता. एकही परतला नाही.

चिमणीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने डोकं शाबूत ठेवलं, तुझं गेलं होतं. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. मग बायकोसमोर जा. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.

आणि दाणे? भिजवून ठेवलेत, पण एकालाही कोंब नाही. बियाणं गेलं. अण्णांना इतक्यात सांगू नका.

सगळे जिवाला जपा.
तुझी ताई

---

बुधवार, ता. १७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना ‘बापामागे मुलगा’ इथे मी पत्र खाली ठेवलं. पुढचं चिमणीने वाचलं. तिची बरगडी अजून काळीनिळी आहे. मी माफी मागू लागलो, तर म्हणाली, पुन्हा मारलीत तरी पाय सोडणार नाही. आई उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आज अण्णा बोलले! आम्ही तिघंही खाटेशी होतो. बियाणं नाही, कोठी नाही. पहिलं विचारलं ते हेच, की पोरगा माझ्यामागे उतरला का. कोसळल्यावर शुद्ध हरपता हरपता त्यांना वरून आत येणारा माझा पाय दिसला होता आणि नको म्हणायला तोंडातून शब्द निघाला नव्हता.

मी म्हणालो, हिने उतरू दिलं नाही.

अण्णांनी डोळे मिटले. आई उठली, चिमणीला खांद्याला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

तुझा लोभ आम्हा सगळ्यांवर राहो.
तुझा,
ठोंब्या