लिंडसेने दाखवलेली जागा

९ मे
सोनं शोधायचं यंत्र विकायला काढलं. दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावून आलो. जॉइसला, माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून सापडलेलं — गंजके पत्रे, बंदुकीचे छर्रे, एक चमचा. लेक फोनवर म्हणते, "बाबा, मेलबर्नला या ना. खोली रंगवून ठेवलीय." जेनीनला 'नाही' तरी किती वेळा म्हणायचं? महिनाअखेर कळवतो म्हणालो.

११ मे
लिंडसेला सांगितलं. "जा की! तुला कोणी धरून ठेवलंय?" म्हणाला आणि चहा न घेताच उठला. अठरा वर्षं सोन्यामागे बरोबर फिरतोय आम्ही.

१४ मे
नवलच! लिंडसे स्वतःची सोन्याची जागा दाखवायला आला. आमच्याकडे माणूस एक वेळ बायकोचं वय सांगेल, पण जागा नाही. मागे कोणी येऊ नये म्हणून दोनदा मुद्दाम भलत्या फाट्याला वळला. जागा म्हणजे जुन्या खाणवाल्यांनी उपसून टाकलेले मातीचे ढीग, आजूबाजूला गारगोटी. "नवी जागा शोधतात ते खुळे. जुन्यांना सापडलं तिथेच बघायचं." मग तू का नाही काढलंस, विचारलं. "गुडघे," म्हणाला.

१५ मे
सापडलं! मसुरीच्या दाण्याएवढं. वीतभर खोल. फळ्यावरची चिठ्ठी काढली — तात्पुरती.

१९ मे
आणखी दोन. तीही वीतभरच खोल. दोन आठवडे पाऊस नाही, तरी माती लोण्यासारखी मऊ! कुदळ लागतच नाही. जागेचा गुण. लिंडसे दगडावर बसून ओरडत होता, "डावीकडे, गाढवा! डावीकडे बघ!" अनुभव असतो एकेकाला.

२२ मे
लिंडसेकडे जेवलो. नोलाने — त्याच्या बायकोने — चॉप करपवले, नेहमीसारखे. "तू गेलास तर हे म्हातारं दिवसभर माझ्या डोक्याशी," म्हणाली. दोघं हसले. मी घरी आलो. घरात कोणी नव्हतं. इथे राहून करायचं काय, खरंच कळत नाही.

२९ मे
आठवडाभर काही नाही. बहुतेक जावंच.

३१ मे
सकाळी डावीकडे यंत्र वाजलं. वीतभर खोल. बोटाच्या पेराएवढा तुकडा! पुसला, तर त्याला साखळी ओवायची कडी. अठरा वर्षं हा नोलाच्या गळ्यात बघत आलोय.

"काय रे?" लिंडसे दगडावरून ओरडला.

"खिळा," म्हणालो.

तुकडा होता तिथे ठेवला, खड्डा बुजवला. गाडीत बसून रडलो. घरी येऊन जेनीनला कळवलं — येत नाही.