मायचा आकडा, माझा आकडा

६ ऑक्टो.
तालीम सुरू होऊन आठवडा नाही झाला अन् अंग पार गळून गेलं. यंदा जाड्या सासऱ्याचं काम. जावयाच्या मागे स्टेजभर पळायचं, धापा टाकायच्या. धापांची ॲक्टिंग करावी लागत नाही, त्या आपोआप येतात. दामूभाऊ (नाटक मंडळ त्यांचंच, दिग्दर्शकही तेच) खूष. "वा भाऊ! हे असंच ठेवजो. लोकं हासून हासून लोळतीन." घरी सायकल ओट्यावर चढवताना दोनदा थांबलो. तिथं कोणी हसलं नाही.

८ ऑक्टो.
मायचे पाय सुजले. शोभानं तिच्यासोबत मलाही वडशाच्या डॉ.कडे ओढत नेलं. मला कशाला? तर म्हणे, "भिंतीले टेकून, बसून झोपता तुमी. मले का दिसत नाई?" बायकोपासून काही लपत नाही बुवा. दोघांचं रक्त दिलं. टेस्टचं नाव लांबलचक, विसरलो. हार्टवर ताण आला की रक्तात काहीतरी वाढतं म्हणे, ते मोजतात.

१० ऑक्टो.
रिपोर्ट आले. मायचा आकडा चार आकडी. माझा दोन आकडी, नॉर्मलमध्ये. मी सुटलो!
माय ऐंशीच्या घरातली, नुसती काडी. आजपासून तिला खाटेवरून उतरू द्यायचं नाही. मीठ बंद, शेजारी जाणं बंद. "मले काऊन बांधून ठेवलं रे?" म्हणून रडली. मी ओरडलो. ओरडूनही दम लागला.
माझा रिपोर्ट दामूभाऊंनी तालमीत सगळ्यांना वाचून दाखवला. "भाऊचं हार्ट पोट्ट्यासारखं हाये!" टाळ्या.

१५ ऑक्टो., चंद्रपूर
मायला घेऊन सकाळच्या गाडीनं आलो. इको झाली, म्हणजे हार्टची सोनोग्राफी. डॉ. मॅडम म्हणाल्या, वय झालं की हा आकडा चढतोच, बायकांत जरा जास्तच असतो, आणि अंगावर मांस नसलं की आणखी. मायचं हार्ट वयाच्या मानानं ठीक. सूज बी.पी.च्या जुन्या गोळीमुळे, ती बदलली. "हिंडू-फिरू द्या त्यांना." माय माझ्याकडे असं काही बघत होती की बस्.
उठलो, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बोलताना दम लागतोय?" मी ऐटीत रिपोर्ट काढला. वजन विचारलं, दहा किलो कमी सांगितलं. त्यांनी काट्यावर उभं केलं. पाय दाबून पाहिला, बोट रुतलं तिथं खड्डा तसाच राहिला.
जाड माणसाच्या रक्तात हे कमीच सापडतं म्हणे, हार्ट थकलेलं असलं तरी. त्यात मी पुरुष, वयही पंचेचाळीसच. "या कागदावर विसंबू नका. तुमची इको करायलाच हवी." आज मशीनवर नंबर नव्हता. सोमवारी बोलावलंय. तोवर पळापळ बंद, पाणी काढायची गोळी सुरू.


२५ ऑक्टो.
सोमवारी गेलो नाही. दिवाळी होती. मंगळवारीही नाही गेलो, तेव्हा काय... जाऊ दे. गोळी तालमीच्या दिवशी घेत नाही. सारखं उठून जावं लागतं, प्रवेश कोण सांभाळणार? शोभा अबोला धरून आहे.
खरं सांगायचं तर भीती वाटते. इकोत काही निघालं तर मंडळ दुसरा जाड्या शोधेल. लोकांना हसवण्याशिवाय मला येतं काय?

२८ ऑक्टो.
दुपारी रंगीत तालीम. बघायला बरीच गर्दी. मायही आली, शोभाचा हात धरून.
दुसऱ्या फेरीला छातीत कोंडलं. खांब धरून उभा राहिलो. हशा. म्हटलं, "दामूभाऊ, मले खरंच दम लागून राह्यला." आणखी हशा. दामूभाऊ खालून, "वा! हा डायलॉग ठेव!" पुन्हा तेच म्हटलं. टाळ्या पडल्या. इतक्या माणसांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.
तेवढ्यात माय स्टेजवर. कशी चढली देव जाणे. "हासून का राह्यले रे मेल्यांनो! माह्या पोराचा जीव चालला!" एकदोघं तिच्यावरही हसले. मग चिडीचूप. माय माझं तोंड पदरानं पुसत होती अन् मी रडत होतो.

३० ऑक्टो., चंद्रपूर
इकोच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितोय. शोभा नाव द्यायला गेली. माय शेजारी. नको म्हटलं तरी आली.
दामूभाऊंचा फोन आला. "परवा पह्यला प्रयोग, तुह्याशिवाय कसा होईन? पळू नको. खुर्चीवर बसून कर. फक्त त्या धापा तेवढ्या ठेवजो भाऊ." कळवतो म्हटलं.
आतून माझं नाव पुकारलं. माय हात पुढे करून बसलीय. "फोन इकडं दे. तू आत जाय. त्याले मी सांगीन."
फोन अजून माझ्याच हातात आहे.