खोट्या घाटातली सपाटी

प्रताप नगर, नागपूर
मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७३

प्रिय केशव,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आईने माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्यांदा शेजारच्या तुळसाबाईंकडून, म्हणजे मी मधलं काही गाळत नाही ना याची खात्री. येत्या गुरुवारी नव्या लाइनीवर कोळशाची पहिली भरलेली गाडी घाट उतरणार आणि ती तू उतरवणार! आईचे पाय कालपासून जमिनीला लागत नाहीत. 'माह्या केशवले साहेबानं नाव घेऊन बलावलं' हे दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. मी पेढे आणले, सगळ्यांना वाटले, पण मी स्वतः एकही तोंडात टाकला नाही. काहून, ते पुढे लिहितो. पत्र अर्धं वाचून खिशात कोंबायची तुझी खोड मला ठाऊक आहे. हे पूर्ण वाच.

तुला आमच्या रेल्वेच्या ड्रायव्हर-शाळेतला माझा घाट आठवतो ना? आठवणारच, दोन वर्षं तू त्यावर घासलास. मोडीत निघालेल्या इंजिनाची केबिन आणून बसवलेली, आत खराखुरा ब्रेकचा दांडा, आणि समोर बावीस फूट लांब टेबलावर डोंगर, पूल, बोगदा, रूळ. दांडा हलवला की समोरची चिमुकली गाडी धावायची किंवा थांबायची. खरी लाइन तेव्हा अजून खोदत होते, म्हणून उद्याच्या ड्रायव्हरांनी आधी टेबलावर घाट शिकायचा. तुम्ही पोरं त्याला खोटा घाट म्हणायचात आणि माझं डोकं फिरायचं. खोटा काय लेको! मोजणीचे नकाशे मी स्वतः ट्रेस केले होते. सारख्या उंचीच्या रेषेवरून एकेक पुठ्ठा कापायचा, एक पुठ्ठा म्हणजे दहा फूट उंची. मग एकावर एक रचत जायचं. पायऱ्या दिसू नयेत म्हणून वरून जाळी, मैद्याच्या खळीत भिजवलेली वर्तमानपत्रं, प्लास्टर, आणि शेवटी जरीपटक्याच्या आरा मशीनवरून आणलेला भुसा हिरवा रंगवून. तू भुसा रंगवताना स्वतःचे कान हिरवे करून घरी आला होतास, आणि आईला वाटलं तुला कसला रोग झाला.

नकाशात घाटाच्या मधल्या वळणावर एक मारुती होता. मी तोही केला, गावच्या नदीतला वाटाण्याएवढा गोटा, त्यावर खरा शेंदूर. त्या मारुतीपाशीच सगळं बिघडलं.

मोठे साहेब बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गाडी चालवून पाहिली. उतरताना झकास. पण रिकामी गाडी वर चढवायला गेलो की मारुतीच्या वळणावर ते खेळण्याचं इंजिन चाकं नुसती फिरवायचं आणि मागे घसरायचं. दहा वेळा केलं, दहाही वेळा घसरलं. चूक इंजिनाची होती केशव, चढाची नव्हती. पण इंजिन परदेशातून आलेलं, त्याला काय करणार? मी डोंगर सुटा केला. वरच्या अर्ध्या घाटाखालून तीन पुठ्ठे काढले, तो भाग खाली बसवला, आणि मारुतीसमोर वीतभर सपाटी तयार केली. इंजिन तिथे दम खाऊन टुकटुक वर गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी पाठ थोपटली. साहेब गेले की पुठ्ठे परत घालायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं. नाही घातले. आज घालू, उद्या घालू, आणि सगळे वाहवा करत असताना सुंदर प्लास्टर फोडायला माझा हात धजेना.

वामनराव मास्तरांना मी काही बोललो नव्हतो. त्यांनी ती सपाटी पाहिली आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यावर धडा रचला. लांब उतारावर सारखा दाबून धरलेला ब्रेक हळूहळू मरतो, म्हणून मारुतीपाशी सपाटीवर ब्रेक सोडायचा, गाडीला दम द्यायचा, ब्रेकला परत जोर येऊ द्यायचा. हा धडा चाळीस पोरांत सगळ्यात सफाईने कोण करायचं? तू. ब्रेक सोडायचास, दोन्ही हात मारुतीला जोडायचास, आणि नेमक्या क्षणी दांडा पकडायचास. त्याच धड्यावर तुला पहिला नंबर मिळाला. मी मागे उभा होतो. सगळं ठाऊक असून मी टाळ्या वाजवल्या. मला त्याची लाज वाटते.

ते तीन पुठ्ठे कुठे आहेत माहीत आहे? आईच्या गव्हाच्या कोठीवर. झाकण म्हणून. दोन वर्षं रोज त्यांच्यावरचे माझ्या पेन्सिलीचे उंचीचे आकडे माझ्यासमोर आहेत, म्हणून विसरलो म्हणायचीही सोय नाही. काल तुझं पत्र वाचताना आईने गहू काढायला तेच उचलून माझ्या मांडीवर ठेवले. आणि पत्रात तू लिहिलं होतंस की परवा रिकाम्या इंजिनावरून घाट चढून आलो, दादा, मारुतीपाशी हुबेहूब तुझ्या घाटासारखंच सपाट दिसतं, गुरुवारी तिथेच गाडीला दम देईन.

तुझे डोळे फसले, केशव. मोजणीवाल्या ताराचंदने मला तेव्हाच सांगितलं होतं, त्या जागी आजूबाजूचे कडे इतके कललेले आहेत की उतारसुद्धा सपाट वाटतो. चहाचा कप रुळावर ठेवला तरच कळतं. उताराच्या पाट्या अजून लागलेल्या नाहीत म्हणे. संध्याकाळी मी वामनरावांकडे गेलो, सगळं ओकलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, रुपराव, मी चाळीस पोरांना हे शिकवलं आहे, गुरुवार होऊन जाऊ द्या, पोरांना स्वतःचे डोळे आहेत. मी सायकल हातात धरून पायीच घरी आलो.

आता घरच्या बोलीत सांगतो, पुस्तकी भाषेत मले भीती लिहिता येत नाही. केशव गा, मारुतीपाशी सपाटी नाही. तिथं ब्रेक सोडू नको. गाडी दम घेणार नाही, पळत सुटन, अन् मंग तिले कोणीच धरू शकणार नाही. वरच्या स्टेशनावरच सगळ्यांले सांग, बैलाच्या चालीनं उतर, नाहीतर उतरूच नको. माही नोकरी गेली तं जाऊ दे. तार केली तं साहेबाच्या टेबलावर अडकन, म्हणून गार्ड चंपतरावच्या हातानं हे पत्र अन् ते तीन पुठ्ठे पाठवून राहिलो. एकावर एक ठेवून पाहून घे, तीस फूट उतार हाय तो, मी तुह्यापासून लपवलेला. आईले काही सांगितलं नाही. कोठीवर ताट झाकलं हाय. अन् एक ऐक. मारुती दिसला का तुहे दोन्ही हात आपोआप जोडले जातात. गुरुवारी जोडू नको, बाबू. हात दांड्यावरच ठेव. तुह्या वाटचा नमस्कार मी इथून करतो, अन् मारुतीले सांगतो का चूक त्याची नाही, तुही नाही, माही हाय.

तुझाच,
दादा