यादीतलं तुझं नाव

आई, परवा महापालिकेच्या मतदानाला तुझं नाव पुकारलं. शाळेची दुसरी खोली, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं. मी दारात उभा होतो आणि बायकांच्या रांगेतली एक जण टेबलाशी पोचली होती. तिच्या हातातली चिठ्ठी बघून टेबलावरचे साहेब रीतीप्रमाणे मोठ्यानं बोलले, आधी अनुक्रमांक, मग तुझं पूर्ण नाव. तू जाऊन अकरा वर्षं झाली.

"बाई, हितं वय शहाऐंशी लिहिलंय की," साहेब म्हणाले. रांग हसली. "आजी लई तरुण दिसायल्यात," मागून कुणीतरी. मी ओरडलो, "ती माझी आई हाय. वारलीय ती." मग कोणी हसलं नाही. ती बाई आपल्याच गल्लीतली, अक्कलकोटकडून लग्न होऊन आलेली सून. चिठ्ठी टेबलावर टाकून, तोंडाला पदर लावून ती निघून गेली. मी माझं मत टाकलं आणि ताठ मानेनं बाहेर आलो. आपण बरोबर असलो की माझी मान कशी होते, तुला ठाऊकच आहे.

सातवीत शाळा सुटली, तरी विजेच्या मोटारीचं वाइंडिंग मी पुस्तकं वाचून आणि जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या दुकानात तारेचा एक वेढा कमीजास्त चालत नाही. पण ही काटेकोरपणाची खोड तुझी. अजून डोळ्यांसमोर आहे: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तू मांडीवर सूप घेऊन बसलेली असतेस, विड्या वळतेस, आणि मी उमेदवारांची पत्रकं वाचून दाखवतो. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळून दोरा गुंडाळायचा. हात थांबत नाहीत. मी एखादी ओळ गाळली की मात्र थांबतात. "नळाचं काय लिवलंय? ते वाच की." मग पत्र्याच्या डब्यातून तू मागच्या खेपेचं पत्रक काढतेस. "आता हे वाच. त्येच हाय का?" तेच असायचं, अक्षरन् अक्षर. तुला वाचता येत नव्हतं, पण गल्लीत पत्रकं जपून ठेवणारी तू एकटी. मत कुणाला दिलंस असं बाबांनी विचारलं, तर म्हणायचीस, "शिक्क्याला इचारा."

माझं पहिलं मत मी मित्रांच्या घोळक्यात जाऊन टाकलं. बोटाची शाई दाखवायला तुझ्याकडे पळत आलो. तू शाईकडे बघितलंसुद्धा नाहीस. "त्येच्या कागदावर काय काय लिवलं हुतं, सांग." मला सांगता येईना. "मग कुणाचं मत टाकून आलास रं?" एवढंच म्हणालीस आणि पुन्हा पान कापायला घेतलंस. त्यानंतर एकाही निवडणुकीत मी न वाचता गेलो नाही.

परवा संध्याकाळी त्या सुनेच्या घरी गेलो, चार शब्द सुनावायलाच. तीही विड्या वळत होती. उठली, पाणी दिलं. म्हणाली, "माझंबी चुकलं, मामा. माहेरच्या यादीतनं नाव गेलं, हितं चढलंच न्हाई. भाईर पक्षाच्या टेबलावर बसलेल्यानं ही चिठ्ठी दिली, म्हनला, जा, चालतंय." पुन्हा सुपाशी बसली. "चार दिस सगळ्यांचे कागद वाचून ठरवलं हुतं वो मी." मी उठलो तेव्हा मान खाली घालूनच बोलली, "पन आजींचं नाव तुमी येळेवर काढलं असतं, तर ही चिठ्ठी निघाली असती व्हय?"

 आई, दर निवडणुकीआधी मी यादी तपासतो. अर्ध्या गल्लीची चुकलेली नावं मी दुरुस्त करून दिली आहेत. तुझ्या नावावर बोट ठेवायचो आणि पुढं सरकायचो. घर बाबांच्या नावावर, रेशनकार्डावर तुझं नाव हातानं लिहिलेलं, तेही चुकीचं. छापील, शुद्ध, तुझ्या नावाचं म्हणून एवढी एकच ओळ होती. ती मी राखली, आणि जिनं तुझ्यासारखं वाचून ठरवलं होतं तिला भर रांगेत मान खाली घालायला लावली.

काल दोन अर्ज आणले, एक तिचं नाव घालायचा, एक तुझं काढायचा. तिचा तिनं स्वतः भरला. मी दोनदा तपासला, एक चूक सापडली नाही. तुझा मी भरला, मृत्यूचा दाखला जोडला, आणि नावातला प्रत्येक काना-वेलांटी नीट बघितली, काढायचं असलं तरी. उद्या दोन्ही अर्ज देऊन येईन. हे पत्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, तिथं जपलेल्या तुझ्या जुन्या पत्रकांखाली राहील.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही, घरातही नाही. नाव पुकारलं तेव्हा मला आधी राग आलाच नव्हता. ओरडण्याआधी मी बायकांच्या रांगेकडं वळून बघितलं होतं, तू कुठवर आलीस म्हणून.