नकाशात पाऊलवाट म्हणून दाखवलेल्या ओढ्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, भूमापन कार्यालयातून मुख्य नकाशाकार म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीशेजारील टेबलावर, स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात किंचित कापतो, दृष्टी चष्म्यासह ठीक आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी तो आणायला हवा होता, त्यांना कारणच मी कळू दिलेले नाही. वकिलांनी पाठवलेला मसुदा मी परत केला आहे. त्यात अकरा चुका होत्या आणि एका वाक्यात तर मी सही करण्यापूर्वीच मरण पावलो होतो.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असे दोनदा म्हणाले; दुसऱ्यांदा म्हणण्याची गरज नव्हती. तथापि मला मंगळवारपेक्षा सोमवारची भीती अधिक आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्या मुलीच्या भूखंडावर, म्हणजे टेकडीच्या पायथ्याच्या भाग क्रमांक सतरावर, पाया खणायला यंत्र येणार आहे. तिथे उभे राहिलेले घर एके दिवशी पाण्यात जाईल. हे मला ठाऊक आहे, आणि तिथे बांधण्याची परवानगी मिळण्याचे मूळ कारण मी आहे.

कलम एक : घर. हे दुमजली घर, आतील सामानासह, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलीचे होईल. जिन्याची सातवी पायरी इतरांहून अर्धा इंच उंच आहे. त्यावरून मी गवंड्याशी सहा महिने अबोला धरला होता. पायरी फोडू नये. पाहुण्यांना आधी सांगावे.

कलम दोन : खिडकी व तिच्यातून जे दिसते ते. दृश्य कोणाच्या नावे करता येत नाही, हे मी जाणतो. तरीही ते येथे नोंदवणे आवश्यक आहे.

समोर टेकडी आहे. माथ्यावर पाण्याची टाकी, तिच्याखाली बंद पडलेली खडीची खाण, आणि खाणीच्या कडेने गल्लीपर्यंत उतरणारी वाट. सव्वासातला बेकरीतली बाई या वाटेने उतरते. साडेसातला शाळेची मुले पळतात. त्यांतली निम्मी दप्तराने एकमेकांना मारत. नऊच्या सुमारास सायकल दुरुस्त करणारा गृहस्थ स्वतःची सायकल हातात धरून उतरतो, कारण तिचे ब्रेक लागत नाहीत. वाट संपते तिथे डावीकडे चांभाराचे दुकान, उजवीकडे एक पडकी भिंत, आणि मध्ये भाग क्रमांक सतरा. त्यावर सध्या चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या आहेत. माझ्या नातीने आपल्या खोलीत खडूने खिडकीही काढून ठेवली आहे.

हे सर्व गावाला रोज दिसते. आता जे दिसूनही कोणी वाचत नाही, ते लिहितो. त्या वाटेवरचे दगड गोल आहेत. माणसांच्या चालण्याने दगड गुळगुळीत होतो, गोल होत नाही. चांभाराच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. शेजारच्या एकाही दुकानाला एकसुद्धा नाही. वाटेला लागून असलेल्या जुन्या घरांपैकी एकाचेही दार तिच्याकडे उघडत नाही. टेकडी पिवळी पडते त्या महिन्यांतही वाटेच्या दोन्ही कडांना हिरवी रेघ टिकून असते. थोडक्यात, तो ओढा आहे. वर्षातले अकरा महिने त्यात पाणी नसते, एवढेच.

कलम तीन : कबुली. अडतीस वर्षांपूर्वी या वस्तीची मोजणी मी केली. कार्यालयाची रीत अशी होती, की मोजणी कोरड्या महिन्यांतच करावी. पावसात मोजणीची साखळी गंजते आणि कागद फुगतो. वाट की ओढा, असा संशय आला तर दिवसभर बसून येणारीजाणारी माणसे मोजायची, असाही एक दंडक होता. मी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत बसलो. त्रेचाळीस माणसे मोजली. ओढ्यासाठी एक सलग रेघ व प्रवाहाचा बाण काढतात, पाऊलवाटेसाठी दोन तुटक रेघा. मी दोन तुटक रेघा काढल्या.

त्या दिवशी माझ्यासोबत साखळी धरायला जे होते, त्यांना सारे कार्यालय त्यांच्या उंचीमुळे लांबू म्हणत असे. या पत्रात मी त्यांचा उल्लेख आदरार्थी करीत आहे. त्याला अडतीस वर्षे उशीर झाला आहे. ते मला म्हणाले, "साहेब, ही वाट नव्हे. पावसात इथून पाणी उतरतं. माझी आजी हिला ओढाच म्हणायची."

मी म्हणालो, "तुझी आजी कोणत्या हुद्द्यावर होती?"

सगळे हसले. तेही हसले, कारण साखळीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. वर्षअखेरीस त्यांच्या सेवापुस्तकात मी 'अनावश्यक मतप्रदर्शन करतो' असा शेरा लिहिला. ते साखळी धरणारे म्हणूनच निवृत्त झाले. माझा नकाशा मात्र नव्या उमेदवारांना नमुना म्हणून दाखवला जाऊ लागला.

पुढच्याच पावसात मी मुद्दाम तिथे गेलो आणि पाणी पाहिले. गुडघाभर होते. दुरुस्तीची नोंद करण्याची संधी मला नोकरीत तीनदा मिळाली. तिन्ही वेळा मी फाइल उघडली, माझी सही पाहिली आणि फाइल मिटली.

कलम चार : लॉन्ड्रीवाले. वर उल्लेखिलेली पडकी भिंत त्यांच्या दुकानाची. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी टेकडीवर अडीच तास पाऊस पडला आणि ओढा आपल्या मूळ मार्गाने आला. मागची भिंत आत पडली, इस्त्रीचे टेबल लॉन्ड्रीवाल्यांच्या पायावर आले. चौकशी समितीने मला जाणकार म्हणून बोलावले. अध्यक्षांनी विचारले, "इथे ओढा आहे का?" मी उत्तरलो, "नकाशात नाही." वाक्य निर्दोष होते, आणि खरेही होते. समितीने भिंत कच्ची होती असा निष्कर्ष काढला. म्हणजे दोष ज्याचा पाय मोडला त्याचाच. ते आता लंगडतात आणि नदीपलीकडे मुलाकडे राहतात. या पत्राची एक प्रत त्यांना मिळावी. क्षमा मागणारे स्वतंत्र पत्र मी सातदा लिहिले आहे. सातही चांगली लिहिली गेली आहेत, म्हणूनच एकही पाठवण्याजोगे नाही.

कलम पाच : पूर्वेची मोकळी जागा. माझ्या घराच्या पूर्वेला चौदा मीटर लांब व नऊ मीटर रुंद अशी जागा आहे. खाली कातळ आहे आणि गल्लीपेक्षा ती दोन माणसांइतकी उंच आहे. माझ्या दिवंगत पत्नीने ती कधी बांधू दिली नाही. ती म्हणे, "समोरचं झाकलंत, तर मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसेन." ही जागा मी मुलीला मृत्यूची वाट न पाहता, सोबतच्या बक्षीसपत्राने, आजच देत आहे. तिथे घर बांधल्यास कलम दोनमधील खिडकीतून केवळ त्या घराची भिंत दिसेल, हे मी समजून आहे. अट एकच : भाग क्रमांक सतरावर तिने, तिच्या वारसांनी किंवा तिच्याकडून घेणाऱ्याने काहीही बांधू नये.

मी तिला आधी सांगितले नाही असे नव्हे. तीन आठवड्यांपूर्वी ती आणि जावई आराखडा दाखवायला आले, तेव्हा मी म्हणालो, "तिथे बांधू नका."

"का पण?" तिने विचारले.

"जागा चांगली नाही."

"बाबा, तुम्हांला आजवर कुठली गोष्ट चांगली वाटली? माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा तुम्ही तीन चुका काढल्यात."

"चार," मी म्हणालो.

जावई हसले. ती हसली नाही. "कारण सांगा ना. एक कारण. आम्ही दोघं अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढतोय, आणि तुम्ही नुसतं 'नको' म्हणता!"

मग जावयांनी माझ्यापुढे नकाशा पसरला. माझाच. "हे बघा बाबा, इथे नुसती पाऊलवाट आहे. ओढा असता तर दहा मीटर सोडावे लागले असते, परवानगीच मिळाली नसती. आणि कार्यालयात काय म्हणाले माहितीये? या सहीच्या नकाशावर कोणी बोट ठेवत नाही." ते कौतुकानेच बोलत होते. सांगण्याची ती वेळ होती. मी म्हणालो, "चहा निवतोय."

कलम सहा : उपकरणे. पितळी होकायंत्र, तिवई व जुनी साखळी लांबूंना द्यावीत. साखळी तीस मीटरची असून अडीच मिलिमीटरने वाढली आहे. त्यांना ते माहीत आहे. त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा चुकीचा होता, असे निवेदन मी कार्यालयास केले असून त्याची नक्कल सोबत आहे.

कलम सात : जावई. त्यांना माझा चार खंडांचा शब्दकोश. आमच्यातील जुने भांडण, म्हणजे त्यांच्या दुकानाच्या पाटीवरील दोन चुका मी रंगाऱ्याकडून परस्पर दुरुस्त करून घेतल्या ते, माझ्यापुरते मिटले आहे. चुका दोनच होत्या, हे मी मान्य करतो. मी तेव्हा पाच म्हणालो होतो.

कलम आठ : वाचन. येथे मूळ मजकूर असा होता : 'हे पत्र लाखबंद पाकिटात ठेवावे व माझ्या पश्चात उघडावे.' तो मी आडवी रेघ मारून रद्द करीत आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी अकरा वाजता मी हे पत्र दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. साक्षीदार म्हणजे लांबू आणि शेजारच्या दंतवैद्य बाई. कलम तीन वाचताना मी लांबूंकडे पाहिले नाही.  वाचन संपल्यावर लांबूंनी विचारले, "साहेब, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं ना?"

"अर्थात."

"आणि यंत्र सोमवारी येणार."

"हो."

"मग सोमवारच्या आत जायचा विचार आहे का तुमचा?"

दंतवैद्य बाई तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळल्या. नंतर म्हणाल्या, "काका, मी सांगू का तिला? मला काही वाटायचं नाही. रोज लोकांना वाईट बातम्याच देते मी."

लांबू म्हणाले, "नको बाई. ज्याने रेघ काढली, त्यानेच खोडायची."

 लिहून ठेवले म्हणजे सांगितले, असे मी आयुष्यभर मानत आलो. म्हणून हे कलम आता असे वाचावे : आज दुपारी चार वाजता मुलगी व जावई फक्कीच्या खुणा तपासायला भाग क्रमांक सतरावर असतील. मी साक्षीदारांसह टेकडीच्या बाजूने, ओढ्याच्या पात्रातून चालत तिथे जाईन आणि हे पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत उभ्याने वाचीन. डॉक्टरांनी चढउतार करू नका असे सांगितले आहे. त्यांची परवानगी घेतलेली नाही. नकाशादुरुस्तीचा अर्ज, ज्यात दोन तुटक रेघांच्या जागी एक सलग रेघ व बाण दाखवला आहे, माझ्या सहीने सोबत जोडला आहे. तो सोमवारी कार्यालय उघडताच दंतवैद्य बाई दाखल करतील.

मुलीने ऐकून घेतले नाही, किंवा ऐकून माझ्याशी बोलणे सोडले, तरी कलम पाच अबाधित राहील. ती जागा रागावलेल्या मुलीलाही तेवढीच दिली आहे.

वरील मजकूर मी वाचला असून तो माझा आहे. खाडाखोड एक, कलम आठमध्ये. तिच्याशेजारी सही केली आहे.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
साक्षीदार एक : लांबू, निवृत्त, साखळी धरणारे (सही)
साक्षीदार दोन : दंतवैद्य, शेजारील घर (सही)

स्थळ : घराचा वरचा मजला, पूर्वेची खोली
दिनांक : ७ मार्च, शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे

पोच

वरच्या पत्राची एक प्रत मिळाली. बाबांनी ते सगळं उभ्याने वाचलं. मध्ये दोनदा थांबले. मी बसा म्हटलं नाही.

यंत्रवाल्याला तिथूनच फोन केला. सोमवारी तो येणार नाही. फक्की ह्यांनी पायाने पुसली. मुलीच्या खोलीची तेवढी राहू दिली आहे, तिला मीच सांगणार आहे.

पूर्वेच्या जागेचं अजून काही ठरवलेलं नाही. परत येताना बाबांचा हात मी धरला नाही, लांबूकाकांनी धरला. उद्या सकाळी नऊला मी बाबांना नदीपलीकडे लॉन्ड्रीवाल्या काकांकडे गाडीने नेणार आहे. दवाखान्यात जायच्या आधी. मी खाली गाडीत थांबेन. वर त्यांनी एकट्याने जायचं आहे आणि कागद न घेता.

(सही) मुलगी
शनिवार, संध्याकाळी सहा