आधी अडचण सांगा

५ जानेवारी, सोमवार
न्हाणीघरात पडले. भाग्या स्वयंपाकाला आली तेव्हा तशीच खाली बसलेली होते. तिनं काखेत हात घालून उठवलं, डॉक्टरकडे नेलं. मनगट सुजलंय, हाड शाबूत — देवाची कृपा.
"श्रीनिधीला फोन लावा जयाक्का."
"सुम्मने, उगाच कशाला? बंगळूरला एकटा पोरगा, त्याला कामाची गडबड. मी मॅनेज करीन."
कळलं तर नजरबादचं हे घर बंद करून मला तिकडे नेईल. ते नको.

७ जानेवारी
श्रीनिधीचा फोन. सकाळी अकराला, ऑफिसच्या वेळेत!
"कशी आहेस आई?"
"मॅनेज होतंय. तू?"
"मॅनेज होतंय."
दोघंही हसलो.

८ जानेवारी
हूटगळ्ळीला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सुपरवायझरची जागा आहे. शनिवारी दुपारी भाग्याची मुलाखत. "कॅन यू मॅनेज, असं विचारतात म्हणे. येस म्हटलं की झालं ना?"
नाही झालं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर बर्नार्डिन आठवल्या. एक क्रियापद दिलं की पाच वाक्यं. पाचही आपल्या घरातली, आणि खरी. खोटं वाक्य त्यांना कसं कळायचं कोण जाणे, लाल रेघ ओढायच्या. मॅनेज शिकवताना म्हणाल्या होत्या — अडचण होती, तरी निभावलं, तेव्हाच हा शब्द. म्हणून आधी अडचण सांगा.
भाग्याला एक वही दिली.

९ जानेवारी
मीही पाच वाक्यं लिहायला बसले. हे गेले तेव्हा श्रीनिधी आठवीत होता.
'मी एकटीनं घर सांभाळलं.' — रेघ. पहिला महिनाभर शेजारच्या गोदावरीबाई रोज सोबतीला झोपायला यायच्या.
'मी एकटीनं मुलाला शिकवलं.' — रेघ. गणित खंडोजीराव भावजींनी घेतलं. सायकलवरून यायचे, चहासुद्धा नको म्हणायचे.
पुढची तीनही तशीच गेली. एकही वाक्य उरलं नाही. वाईट मात्र वाटलं नाही. केवढी माणसं होती माझ्या पाठीशी! तेव्हा नीट आभारही मानले नाहीत.

१० जानेवारी
सकाळी भाग्यानं वही दाखवली. चार वाक्यं तिच्या सासूच्या आजारपणाची. पाचवं, मोडक्या इंग्रजीत — जयाक्का पडल्या. त्या जड आहेत. मी कसंबसं उठवलं. मुलाला सांगितलं नाही त्यांनी.
लाल पेन हातात धरून बसले.
"एवढी काही जड नाही गं मी."
"अय्यो, खरं लिही म्हणालात ना?"

१२ जानेवारी
भाग्याला जागा मिळाली. "आधी सांगितलं, तीनशे ताटांचा स्वयंपाक मी कधी केला नाही. मग सांगितलं कसा करीन." पाया पडली. मीच तिच्या पाया पडायला हवं होतं. एक तारखेपासून ती येणार नाही.

१३ जानेवारी
श्रीनिधीला फोन केला. आधी अडचण सांगितली. पडले होते, हात उचलत नाही, न्हाणीघरात जायची भीती वाटते.
मग म्हणाला, "आई, माझी नोकरी ऑक्टोबरातच गेली."
उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. इथे, राहायला.